स्थळ : लोकलहोस्ट, आकुर्डी

खंडोबा माळ चौकात फ्लेक्सला जागा मिळणं हे लग्नाला स्थळ मिळण्यापेक्षा अवघड आहे. वाढदिवस, नियुक्ती, पुनर्नियुक्ती, दहावी पास झालेला पुतण्या आणि ‘भावी नगरसेवक’ यांच्या गर्दीत आमच्या वधू-वर सूचक मंडळाला एका खांबाचा अर्धा भाग मिळाला. त्यावर चिटणीसकाकांनी मंडळाचं नाव, गणपतीचा फोटो, स्वतःचा फोटो (गणपतीपेक्षा किंचित मोठा) आणि खाली ठळक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता छापून घेतला : लोकलहोस्ट, तिरकी रेघ, वधूवर.

ज्यांना यातलं कळतं ते हसून मोकळे झाले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. लोकलहोस्ट म्हणजे ‘हाच कॉम्प्युटर’, आकड्यांत १२७.०.०.१. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर हा पत्ता टाकला, की तो स्वतःच्याच पोटात डोकावतो. मंडळाची वेबसाइट मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पोटात होती, त्यामुळे तिथं ती झकास उघडायची. फक्त तिथं.

“उघडत नाही हो,” पहिला फोन निगडीहून आला.

“तुमचं नेट बघा,” काका म्हणाले. “माझ्याकडे फर्स्टक्लास उघडतंय.”

मग चिंचवडहून फोन आला, मग चाकणहून. काका प्रत्येकाला आधी नेट बघायला, मग मोबाइल बंद करून चालू करायला आणि शेवटी ऑफिसात यायला सांगत. आलेल्या माणसाला कॉम्प्युटरसमोर बसवून वेबसाइट उघडून दाखवत आणि म्हणत, “बघा, आहे की नाही? म्हणजे प्रॉब्लेम तुमच्याकडे आहे.” पुढं होस्टिंग कंपनीच्या सपोर्टवाल्यानं हेच वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं, की काकांना तिथं नोकरी सहज लागली असती असं माझं मत झालं.

तर वेबसाइट होस्टिंगवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या बाहेरच्या कॉम्प्युटरवर, हलवायचं ठरलं. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंद आहे : ‘मंडळाचा डेटाबेस स्थानिक संगणकावरून होस्टिंगवर हलवण्यात यावा. एकमताने मंजूर.’ डेटाबेस म्हणजे काय हे विचारायचा कमीपणा कुणी घेतला नाही. खजिनदारांनी फक्त टेम्पो सांगायचा का, एवढं विचारलं. टेम्पो लागणार नाही म्हटल्यावर त्यांनी खर्चाच्या रकान्यात शून्य मांडलं आणि चहा आला.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मंडळाचा तांत्रिक सल्लागार मी. कंपनीत परचेस खात्यात असताना डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढणारा अशी माझी ख्याती होती, आणि त्या पुण्याईवर निवृत्तीनंतर हे पद मिळालं. वेबसाइट अर्थात मी बनवलेली नव्हती. आकुर्डी स्टेशनवर सकाळची लोकल थांबली, की अर्धा प्लॅटफॉर्म इंजिनीअर होऊ घातलेला असतो. त्यातला एक माझा भाचा.

“मामा, सोपंय,” तो म्हणाला. “इकडून एक्सपोर्ट, तिकडे इम्पोर्ट.”

लग्नाचंही असंच सांगतात. इकडून पाठवणी, तिकडे गृहप्रवेश. मधल्या भानगडी कुणी सांगत नाही.

पाठवायचं होतं तरी काय, तर मंडळानं जन्मापासून गोळा केलेली स्थळं. सुरुवात रजिस्टरांपासून. त्यात एका उपवर मुलाच्या नावापुढं ‘चेतकसाठी नंबर लावला आहे’ ही जमेची बाजू म्हणून लिहिलेली आहे. चेतक स्कूटरचा कारखाना आकुर्डीतच, तरी कारखान्यासमोर राहणाऱ्यालाही नंबरच लावावा लागे, आणि नंबर लावलेला मुलगा म्हणजे दूरदृष्टीचा मुलगा. पुढं रजिस्टरांतला मजकूर कॉम्प्युटरवर गेला, तो युनिकोड घरोघरी येण्याआधीच्या मराठी फॉन्टांत. हे फॉन्ट मोठ्या प्रमाणात पुण्यानंच महाराष्ट्राला पुरवले. मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी पुण्याचं, १९८८ मध्ये स्थापन झालेलं सी-डॅकही पुण्याचंच. त्या काळी ते नसते तर मराठी छापखाने आणि लग्नपत्रिका अडून बसल्या असत्या. फक्त फॉन्ट काढून घेतला, की ‘गृहकृत्यदक्ष’ या शब्दाखालून इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं बाहेर पडतात. म्हणून एका टायपिस्टबाईंकडून सगळं नव्यानं युनिकोडमध्ये टाइप करून घेतलं. बाई तत्पर होत्या. त्यांनी आकुर्डी, अकुर्डी आणि आकूर्डी अशी तीन गावं वसवली, त्यामुळे गावातलंच स्थळ हवं असणाऱ्याला एका आकुर्डीतली मुलगी दुसऱ्या आकुर्डीत सापडत नसे.

वयाचा रकाना ही आणखी एक गंमत. भाच्यानं काकांना समजावलं, “वय नका लिहू, जन्मतारीख घ्या. वय दर वर्षी बदलतं.”

“मुलींचं नाही बदलत,” काका म्हणाले. “रजिस्टर बघ.”

त्यानं बघितलं. खरंच बदललेलं नव्हतं.

असो. एक्सपोर्टचं बटण दाबलं आणि फाइल तयार झाली. ती होस्टिंगला दाखवली, तर तिचा आकार ऐकूनच त्यांनी दार लावून घेतलं. ज्या पीएचपी भाषेवर हा कारभार चालतो, ती मुळात दोन एमबीपेक्षा मोठी फाइल आत घेत नाही. होस्टिंगवाले ही मर्यादा वाढवून देतात. आमच्या कंपनीनं पन्नासपर्यंत नेली होती. आमची फाइल त्याच्या कितीतरी पुढं गेली होती, कारण भाच्यानं फोटोही डेटाबेसमध्येच कोंबले होते. मुलींचे प्रत्येकी तीन : साडीतला, ड्रेसमधला आणि काश्मीरच्या पडद्यापुढचा. मुलांचा एकच, पण तो दुसऱ्याच्या गाडीला टेकून काढलेला, आणि गाडी पूर्ण दिसावी असा आग्रह धरलेला.

“फोटो नंतर पाठवू,” मी म्हणालो.

“फोटोशिवाय स्थळ?” काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प बसलो. शेवटी फाइलचे तुकडे करायचं ठरलं.

पहिला तुकडा आत जाता जाता अडला. ‘या प्रकारचा वर्णक्रम आम्हाला माहीत नाही’ अशा अर्थाचं काहीतरी लाल अक्षरांत आलं. भाच्यानं जो खुलासा केला तो ऐकून मला आपण मंडळातच बसलो आहोत याची खात्री पटली. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस १९९५ मध्ये मायकेल विडेनियस या फिनलंडच्या गृहस्थानं साथीदारांसह आणला आणि त्याला आपल्या मुलीचं, माय हिचं, नाव दिलं. (आमच्या प्राधिकरण वसाहतीत बंगल्यांना देतात.) २००८ मध्ये सन कंपनीनं तो एक अब्ज डॉलर मोजून घेतला, आणि पुढच्या वर्षी सनलाच ओरॅकल घेणार असं ठरलं. थोरली अशी बड्या घरी पडलेली पाहून बापानं २००९ मध्ये त्याच वळणाचा दुसरा डेटाबेस काढला आणि त्याला धाकटीचं नाव दिलं : मारियाडीबी. आमच्या ऑफिसात थोरली होती, होस्टिंगवर धाकटी. सख्ख्या बहिणी, पण २०१८ मध्ये थोरलीनं आठव्या आवृत्तीत अक्षरं लावायची जी नवी रीत उचलली, ती धाकटीला ओळखता येईना.

“बहिणी-बहिणींत बोलणं नाही?” खजिनदारांनी विचारलं. “मग देणंघेणं असणार.”

भाच्यानं फाइलमधली नवी रीत खोडून जुनी घातली आणि फाइल पुढं सरकली. लगेच दुसरी अडचण. तुकडे करताना ‘अपेक्षा’ नावाचं टेबल ‘उमेदवार’ टेबलाच्या आधी गेलं होतं. डेटाबेसच्या भाषेत उमेदवार हे पालक-टेबल आणि अपेक्षा हे अपत्य-टेबल. पालकांची नोंद नसताना अपत्याची नोंद घेता येत नाही, असं मशीननं स्पष्ट कळवलं.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. मशीनविषयी त्यांना पहिल्यांदाच आदर वाटलेला मी पाहिला. “आपणही घेत नाही.”

“त्याला एक उपाय आहे,” भाचा म्हणाला. “पालक आहेत की नाहीत ते तपासूच नको, असं त्याला सांगायचं. एका ओळीत होतं.”

“हल्लीच्या मुलांना सगळं एका ओळीत होतं,” काका म्हणाले आणि दुसरीकडे बघत बसले.

यानंतर सासरच्या नावाचा प्रश्न आला. शेअर्ड होस्टिंगवर बहुधा अशी पद्धत असते, की डेटाबेसच्या नावाआधी खातेदाराचं नाव लागतं. घरी जो नुसता ‘वधूवर’ होता, त्याला तिकडं खात्याचं नाव चिकटून नवंच लांबलचक नाव पडलं. आमची वेबसाइट त्याला माहेरच्या नावानं हाका मारत होती आणि होस्टिंग ‘प्रवेश नाही’ म्हणून उत्तर देत होतं. नाव सुधारलं. मग ‘सर्व्हर कुठला’ या रकान्यात भाच्यानं घातलेला लोकलहोस्ट दिसताच मी तो मोठ्या निश्चयानं काढायला लावला. याच शब्दापायी चौकात आमची शोभा झाली होती. त्याजागी वेबसाइटचा नवा, विकत घेतलेला पत्ता घातला, आणि जे थोडंफार चाललं होतं तेही बंद पडलं. सपोर्टवाल्यानं कळवलं की सर, तिथं लोकलहोस्टच घाला, कारण आमच्याकडे डेटाबेस आणि वेबसाइट एकाच मशीनवर असतात, आणि त्या मशीनच्या दृष्टीनं तेच लोकल आहे.

“म्हणजे माझा फ्लेक्स बरोबर होता,” काका म्हणाले.

मी वाद घातला नाही. तांत्रिक सल्लागारानं वाद कुठं घालू नये हे मला परचेस खात्यानं शिकवलंय.

मानपानाचं एका वाक्यात सांगतो, कारण ते ऐकून तुमचंही डोकं दुखेल : विंडोजला इंग्रजी अक्षर मोठं लिहिलंय की छोटं याचं सोयरसुतक नसतं, पण होस्टिंगवरच्या लिनक्सला असतं, आणि आमच्या डेटाबेसमध्ये ‘वर’ छोट्या अक्षरानं आणि कोडमध्ये मोठ्या अक्षरानं लिहिलेला असल्यामुळे लिनक्सनं वर अस्तित्वातच नाही असं जाहीर केलं. वरपक्ष मोठ्या अक्षरावर अडून बसायचाच. यात मला नवल वाटलं नाही.

मध्ये एक गुरुवार आला. या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून विजेच्या दुरुस्त्याही त्याच दिवशी काढतात. फाइल ऐंशी टक्के वर गेली असताना लाइट गेली. काकांनी सवयीनं खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमध्ये पाहिलं. तिथंही गेली आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

आणि मग एकदाची वेबसाइट उघडली. निगडीत उघडली, चिंचवडला उघडली. नव्या पत्त्याची खबर जगभरच्या सर्व्हरांपर्यंत पोचायला एक-दोन दिवस लागू शकतात, असं होस्टिंगवाले आधीच सांगून ठेवतात. त्यामुळे आकुर्डीच्या वेबसाइटचं आकुर्डीकरांना दर्शन सगळ्यांत उशिरा झालं. पण झालं. आम्ही पेढे आणले. काकांनी चष्मा पुसून पहिलं स्थळ उघडलं आणि विचारलं, “हे कुठल्या भाषेत आहे?”

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढं चारी कोपऱ्यांना पाय फुटलेलं एक वर्तुळ, मग आणखी काहीतरी, पुन्हा ए, पुन्हा वर्तुळ. मधूनमधून जपानी येनचं चिन्ह.

कारण भाच्यानं सांगितलं, आणि खरं सांगतो, या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेली गोष्ट ही एकच. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन-तीन बाइट खातं. वाचणाऱ्यानं ते तीन बाइट एक अक्षर म्हणून न घेता तीन वेगळी युरोपी अक्षरं म्हणून वाचले, की हा प्रकार होतो. त्यातला पहिला बाइट कायम तोच, तो रेघवाला ए. दुसरा बाइट मात्र दोन प्रकारचा असतो. देवनागरीचा तक्ता बरोबर मध्यावर दुभंगतो, आणि तो दुभंगतो ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मधोमध. ऱ्हस्व वेलांटीपर्यंतच्या सगळ्यांना ते पाय फुटलेलं वर्तुळ मिळतं; ते ‘कुठलंही चलन’ याचं चिन्ह आहे. दीर्घ वेलांटीपासून पुढच्यांना, म्हणजे उकारांना, मात्र्यांना आणि पाय मोडायच्या खुणेला, येन मिळतो. शुद्धलेखनाचे नियम शिकवताना ऱ्हस्व-दीर्घानं काय फरक पडतो असं विचारणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांना हे उत्तर देता आलं असतं : ऱ्हस्वाला कुठलंही चलन चालतं, दीर्घाला येन मोजावे लागतात.

खजिनदार मात्र त्या चिन्हांकडे वेगळ्या नजरेनं पाहत होते. “पगार येनमध्ये?” ते हळूच म्हणाले. “मुलं चाकणला जपानी कंपनीत असतील. फी वाढवायला हरकत नाही.”

हा रोग बरा होणारा असतो. बाइट जागेवर असतात, फक्त वाचणाऱ्याला चष्मा बदलून द्यायचा. भाच्यानं तो दिला आणि मुलांचं टेबल मराठीत आलं. मुलींच्या टेबलाला झालेला रोग दुसरा होता. ते टेबल फोटोंमुळे जड, म्हणून भाच्यानं मजकूर वेगळ्या साध्या फाइलमध्ये काढून ऑफिसात ठेवला आणि परीक्षेला निघून गेला. खजिनदारांनी ‘एकदा डोळ्यांखालून घालावी’ म्हणून ती एक्सेलमध्ये उघडली. बंद करताना एक्सेलनं सेव्ह करू का विचारलं. खजिनदार सरळ माणूस, कुणाला नाही म्हणवत नाही.

तीच फाइल होस्टिंगवर चढली आणि दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर सर्व मुली प्रश्नचिन्हांत होत्या. नाव प्रश्नचिन्हं, शिक्षण प्रश्नचिन्हं, अपेक्षा तर तीन-तीन ओळी प्रश्नचिन्हं. यात अक्षर कायमचं जातं. चष्मा बदलून उपयोग नाही. भाचा परीक्षेत, त्याचा मोबाइल बंद. आम्ही तिघं त्या चिन्हांकडे बघत बसलो.

“हे मला वाचता येतंय,” काका अचानक म्हणाले.

मला त्यांची काळजी वाटली.

“अरे, एका चिन्हाला एक प्रश्नचिन्ह आहे. काना, मात्रा, वेलांटी सगळं धरून. हे बघ, सलग दहा. निर्व्यसनी. मोज.”

मी बोटांवर मोजलं. न, वेलांटी, र, त्याचा मोडका पाय, व, त्याचा मोडका पाय, य, स, न, वेलांटी. दहा.

“सात, मोकळी जागा, पाच. स्वतःचा फ्लॅट.”

विसर्गासकट बरोबर भरलं. मग काकांचा हात थांबेना. एवढी वर्षं त्यांनी मुलींच्या अपेक्षा वाचल्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या सारख्याच होत्या. ते नुसती लांबी बघून भराभर सांगत होते, मी लिहून घेत होतो. अडलं ते एकाच जागी, जिथं फक्त चार प्रश्नचिन्हं होती.

“पगार,” काका म्हणाले.

“पुणे,” खजिनदार म्हणाले.

“आयटी,” माझ्या तोंडून गेलं.

तिन्ही चार चिन्हांचेच. बराच वाद झाला. शेवटी मतदान घेतलं, तेही एक-एक-एक असं फुटलं. अध्यक्षांना फोन लावला, तर ते म्हणाले तिन्ही लिहा, तिन्ही लागतातच.

संध्याकाळी भाचा आला. “मूळ डेटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे की,” तो म्हणाला. “आपण कॉपी पाठवतो, मूळ कुठं जात नाही.” ही गोष्ट आम्हा तिघांनाही ठाऊक असायला हवी होती असा त्याचा सूर होता. मुलगी पाठवली तरी ती घरातच राहते, हे वधू-वर मंडळाला कसं सुचणार? त्यानं मूळ फाइलशी काकांची उत्तरं ताडून पाहिली. दोन शब्द सोडले तर सगळी बरोबर होती. भाच्याला परीक्षेपेक्षा त्याचा जास्त धक्का बसला.

त्यानं मुलींचं टेबल होस्टिंगवर नव्यानं बांधलं आणि मोबाइलच्या रकान्याला ‘पूर्णांक’ हा प्रकार दिला. नंबर म्हणजे आकडाच, असं कुणालाही वाटेल. दोन दिवसांनी एका मुलाच्या आईचा मंडळात फोन आला.

“मी अकरा स्थळं निवडली. अकराही मुलींच्या घरचा नंबर एकच कसा? एकाच बापाच्या मुली आहेत का?”

काकांनी बघितलं. अकराच नाही, मंडळातल्या सगळ्याच मुलींचा एक नंबर होता : २१४७४८३६४७. मायएसक्यूएलच्या साध्या पूर्णांकाच्या रकान्यात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. आपले मोबाइल नंबर सहा ते नऊ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे सगळेच तिच्यापेक्षा मोठे. सर्व्हर ढिला असेल तर तो तक्रार न करता प्रत्येक मोठ्या आकड्याला कापून याच संख्येवर आणून बसवतो. गंमत म्हणजे हीसुद्धा दहा आकडीच, त्यामुळे बघणाऱ्याला संशय येत नाही. लोक नेमानं फोन लावत होते, लागत नाही म्हटल्यावर मुलीकडच्यांना शिष्ट ठरवत होते.

ऑयलर या गणितज्ञानं १७७२ मध्ये सिद्ध करून ठेवलंय की ही मूळ संख्या आहे. म्हणजे तिला एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय कुणीही भागत नाही. वधू-वर मंडळाच्या इतक्या मुलींच्या नावावर नेमकी अशी संख्या जावी, ज्या संख्येचं जगात कुणाशी जमतच नाही, हा योगायोग मी काकांना सांगितला. ते म्हणाले, “मंगळ असेल.”

रकान्याचा प्रकार बदलून नंबर दुरुस्त केले. आता सगळं नीट झालं असं वाटलं, आणि खरोखर तसं झालंही होतं. चौकशा येऊ लागल्या. फक्त सगळ्यात जास्त चौकशा एकाच मुलासाठी येत होत्या. भाच्यानं वेबसाइट बनवताना तपासण्यासाठी एक खोटी नोंद भरली होती आणि बाकीच्यांबरोबर तीही होस्टिंगला गेली होती. नाव टेस्ट, आडनाव टेस्ट, पगार ९९९९९, फ्लॅट : होय, जबाबदाऱ्या : शून्य, भावंडं : शून्य. फोटोच्या जागी राखाडी बाहुली.

“टेस्ट हे आडनाव कुठल्या बाजूचं?” एका वडिलांनी विचारलं.

काकांना नाही म्हणणं जिवावर येतं. “गोव्याकडचे असावेत,” ते म्हणाले.

“चालेल. फोटो नाही, पण चेहरा सालस वाटतो.”

ती नोंद काढून टाकायला काकांचा विरोध होता. मंडळाच्या इतिहासात इतकी मागणी कुठल्याच स्थळाला आली नव्हती.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. मी जगाचे दाखले घेऊन गेलो. टीएसबी या ब्रिटिश बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांचा डेटा नव्या यंत्रणेवर हलवला, तर एकोणीस लाखांपर्यंत लोकांना स्वतःची खाती उघडेनात, आणि पुढं २०२२ मध्ये बँकेला चार कोटी श्याऐंशी लाख पौंडांच्या वर दंड झाला. मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटचा सर्व्हर हलवताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी गेली, हे २०१९ मध्ये बाहेर आलं. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत जानेवारी २०१७ च्या अखेरीस एका इंजिनीअरनं चुकीच्या मशीनवर चालू डेटाबेस पुसला, आणि बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या त्यांतली एकही वेळेला धड उपयोगी पडली नाही. मग ती दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर जगाला थेट दाखवली.

“तुम्ही दाखवू नका,” अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले.

काका मात्र पेटले होते. “तुकोबांची पालखी देहूहून निघते ती देहूबाहेरच्या पहिल्या मुक्कामाला आपल्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते. टाळ, मृदंग, दिंड्या, लाखो माणसं, एका दिवसात. कुणाचं प्रश्नचिन्ह होत नाही. आणि यांना एक फाइल ऑफिसातून बाहेर नेता येत नाही!”

यावर मी म्हणालो की इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरली ती तुकोबांची होती, आणि लोकांना तोंडपाठ होती म्हणूनही. आपल्या फाइलकडून ती अपेक्षा ठेवू नये, बॅकअप घ्यावा. ‘बॅकअप’ कशाला म्हणतात असा प्रश्न आला, तेव्हा चेतक कामी आली. आकुर्डीच्या कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं आणि २०२२ मध्ये तिथंच विजेवरची चेतक बनवायला नवा कारखाना उभा राहिला. नाव तेच, गाव तेच, आतली मशिनरी वेगळी. सभागृहाला हे एकदम पटलं. बॅकअप घेण्याचा ठराव झाला, पेनड्राइव्ह आणला आणि तो सुरक्षित राहावा म्हणून त्याच कॉम्प्युटरच्या खणात कुलूप लावून ठेवण्यात आला. किल्ली खजिनदारांकडे आहे. खजिनदार मुलाकडे बंगळुरूला गेले आहेत.

वेबसाइट सध्या व्यवस्थित चालू आहे. फाइल अजूनही जड आहे, याचं कारण या सगळ्या उठाठेवीत आमच्या लक्षात आलं : नोंद केलेल्यांपैकी कित्येकांची लग्नं केव्हाच झालीत, काहींची मुलं आता आमच्याच वेबसाइटवर नाव घालायच्या वयाची आहेत, पण कळवलं कुणीच नाही. स्थळं येत राहिली तर वाईट काय, असा विचार असावा. तरी ज्यांचं लग्न झालं आहे अशा सभासदांनी मंडळाच्या ऑफिसात येऊन आपली नोंद काढून घ्यावी, ही नम्र विनंती. वेळ सायंकाळी पाच ते सात, गुरुवार सोडून. येताना जोडीदाराला आणायची गरज नाही. फी परत मिळणार नाही.